राणे, मेजर रामा राघोबा

(२६ जून १९१८–११ जुलै १९९४). भारतीय सेनेच्या इंजिनियर कोअरमधील अधिकारी आणि परमवीर चक्राचे मानकरी. १९४७-४८ च्या भारत-पाकिस्तान युद्धात, एप्रिल १९४८ मध्ये, जम्मू-काश्मीरमधील नौशेरा–राजौरी रस्त्यावरचे सुरुंग व अडथळे काढून रणगाड्यांना वाट करून दिल्याबद्दल हे पदक मिळाले. त्या वेळी ते सेकंड लेफ्टनंट होते, म्हणून अनेक ठिकाणी त्यांचा उल्लेख ‘लेफ्टनंट राणे’ असाच होतो. निवृत्त झाले ते मात्र मेजर म्हणून.

जन्मस्थळाबाबत एकमत नाही. काही चरित्रनोंदी कारवारजवळचे चेंडिया हे गाव देतात, तर काही हावेरी. चेंडिया हे घराण्याचे गाव, यात वाद नाही. वडील राघोबा पोलीस शिपाई होते. त्यांच्या बदल्यांमुळे मुलाचे शिक्षणही एका जागी झाले नाही. हे पाहता जन्म हावेरीचा आणि मूळ गाव चेंडिया, असा मेळ घालणे अधिक सयुक्तिक वाटते. दोन्ही ठिकाणे तेव्हा मुंबई इलाख्यात होती (कारवार उत्तर कानडा जिल्ह्यात, हावेरी धारवाड जिल्ह्यात) आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत म्हैसूर राज्यात गेली. घर कोकणीभाषक मराठ्यांचे. १९३० मध्ये ते असहकार चळवळीकडे ओढले गेले आणि धास्तावलेल्या वडिलांनी कुटुंब चेंडियाला परत नेले, असे सांगितले जाते; साल बरोबर असेल, तर ती चळवळ सविनय कायदेभंगाची असली पाहिजे.

१० जुलै १९४० रोजी ते बाँबे इंजिनियर्समध्ये (बाँबे सॅपर्स, केंद्र खडकी) भरती झाले. प्रशिक्षणात सर्वोत्कृष्ट रंगरूट ठरून त्यांनी कमांडंटची छडी मिळवली. त्यानंतर २६ व्या इन्फन्ट्री डिव्हिजनच्या २८ फील्ड कंपनीबरोबर ते ब्रह्मदेशात गेले. आराकानमधून माघार घेताना बुथिडाँग येथील दारूगोळा व वाहने नष्ट करण्यासाठी त्यांना दोन सेक्शनांसह (छोट्या तुकड्यांसह) मागे ठेवले होते. काम उरकल्यावर नौदल त्यांना उचलणार होते, पण ते घडले नाही. जपानी गस्तीखालची नदी स्वतःच पार करून ते डिव्हिजनला येऊन मिळाले. पुढे हवालदारपदी बढती मिळाली आणि १५ डिसेंबर १९४७ रोजी ते सेकंड लेफ्टनंट झाले. नेमणूक ३७ असॉल्ट फील्ड कंपनीत.

नौशेरा–राजौरी रस्ता. नौशेराजवळचे झांगर हे ठाणे मार्च १९४८ मध्ये परत मिळाल्यावर राजौरीकडे चढाई सुरू झाली. आघाडीवर ४ डोग्रा ही पायदळाची पलटण, सोबत सेंट्रल इंडिया हॉर्सचे स्टुअर्ट रणगाडे आणि राणे यांचा सॅपर सेक्शन (सॅपर म्हणजे सुरुंग काढणारे, रस्ते-पूल बांधणारे सैनिक). डोंगरी रस्त्याच्या एका बाजूला कडा, दुसरीकडे दरी. त्यामुळे रणगाड्याला बगल देता येत नाही. एखादी मोरी उडवली, त्यापुढे चार झाडे आडवी पाडली, भोवती सुरुंग पेरले आणि समोरच्या टेकडीवर मशीनगन बसवली, की सारी तुकडी अडते. यांतले मशीनगनचे काम सर्वांत महत्त्वाचे, कारण ती नसेल तर बाकीचे अडथळे केवळ वेळ खातात.

रणगाडाविरोधी सुरुंग सहसा माणसाच्या पावलाने फुटत नाही. त्याला वाहनाचे वजन लागते. म्हणून सॅपर त्याच्याजवळ जाऊ शकतो. संगीन तिरपी धरून माती हळूहळू टोचत जायचे. ती उभी खुपसली तर टोकाचा दाब थेट झाकणावर येतो. सुरुंग सापडल्यावर बाजूची माती काढून खाली सापळा लावला आहे का ते चाचपायचे, आणि शंका आली तर दोर बांधून आडोशातून ओढायचा. फुटलेल्या मोरीशी डोंगर कापून वळणरस्ता काढावा लागतो. भराव नीट ठोकला नाही तर तेरा-पंधरा टनांच्या रणगाड्याच्या पट्ट्याखाली बाहेरची कड ढासळते. हे सारे गोळीबारात, उघड्यावर.

८ एप्रिल रोजी नादपूर साउथजवळ सुरुंग काढायला हात घालताच उखळी तोफांचा मारा झाला. दोन सॅपर ठार, पाच जखमी. जखमींत स्वतः राणे. त्यांनी सेक्शन सावरून काम चालू ठेवले आणि डोग्रांनी बरवाली डोंगरधार घेतल्यावर रात्री दहापर्यंत वळणरस्त्यावर राबले. रणगाड्याखाली सरपटत, चालकाला दोराने खुणा करत ते पुढे सरकल्याचा वृत्तांत बहुधा याच टप्प्याचा. ठरल्याप्रमाणे दोर ओढला, की रणगाडा थांबे वा सरके. ९ एप्रिलला सकाळी सहापासून दुपारी तीनपर्यंत वळणरस्ता पुरा केला. पुढे आघाडीच्या कॅरियरमधून (हलक्या चिलखती गाडीतून) जाताना चिडाच्या झाडांचे अडथळे एकामागून एक स्फोटाने उडवले. सायंकाळी सव्वासहाला, उजेड जात असताना, पाच मोठ्या चिडांचा अडथळा लागला. भोवती सुरुंग, वर मशीनगनचा मारा. राणे सुरुंग काढू लागले होते, पण चिलखती पथकाच्या प्रमुखाने रात्रीपुरते पथक सुरक्षित जागी नेले.

१० एप्रिलला पहाटे पावणेपाचला रणगाड्यांच्या एका ट्रूपच्या (छोट्या तुकडीच्या) आधाराने ते पुन्हा भिडले आणि साडेसहाला वाट मोकळी झाली. त्यापुढच्या हजार यार्डांत अडथळे आणि उडवलेले बांध इतके दाट होते, की तेवढ्यालाच साडेदहा वाजले. रणगाडे दुपारी दोनच्या सुमारास मुघलकालीन सराय असलेल्या चिंगसला पोहोचले. राणे मागे थांबून रसदीच्या गाड्यांसाठी रात्री नऊपर्यंत रस्ता करत राहिले, अन्न आणि विश्रांतीविना. ११ तारखेला सकाळी अकरापर्यंत चिंगसपर्यंतचा रस्ता खुला झाला आणि १२ एप्रिलला राजौरी हाती आली. आघाडी पुढे गेल्यावर मागे केलेले हे काम वर्णनांत नेहमी एका ओळीत संपते. मागचा रस्ता नसता तर पुढच्या रणगाड्यांचे इंधन व दारूगोळा तुटला असता.

बाँबे सॅपर्सचेच प्रेमिंद्रसिंह भगत यांनी १९४१ मध्ये अबिसिनियात (आजच्या इथिओपियात) ५५ मैलांच्या पट्ट्यात १५ सुरुंगक्षेत्रे मोकळी करून व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक मिळवले होते. दोन्ही कामगिऱ्यांचा साचा एकच आहे.

परमवीर चक्र १९५० मध्ये जाहीर झाले. हयातीत ते मिळवणारे पहिले कोण, याबाबत राणे आणि १ शीख पलटणीचे लान्सनायक करमसिंह अशी दोन्ही नावे आढळतात. कामगिरीची तारीख प्रमाण मानली तर (करमसिंहांची टिथवाल येथील लढाई १३ ऑक्टोबर १९४८ ची) मान राणे यांच्याकडे जातो.

नंतरच्या नोकरीबद्दलचे तपशील त्रोटक आहेत. सेवाकाळात पाच वेळा त्यांना मेन्शन-इन-डिस्पॅचेस (युद्धवृत्तांतात गौरवाने नामोल्लेख) मिळाले. निवृत्ती १९६८ मध्ये. पुण्यातील कमांड हॉस्पिटलमध्ये त्यांचे निधन झाले. शिपिंग कॉर्पोरेशनच्या एका तेलवाहू जहाजाला त्यांचे नाव दिले होते. कारवारच्या रवींद्रनाथ टागोर किनाऱ्यावर आयएनएस चपल या युद्धनौका-संग्रहालयाजवळ त्यांचा पुतळा आहे, आणि जानेवारी २०२३ मध्ये अंदमान-निकोबारमधील ज्या २१ बेटांना परमवीर चक्र विजेत्यांची नावे देण्यात आली, त्यांत एक राणे यांच्या नावाचे आहे.