वाटाडे, दुभाषे आणि परक्यांची आफ्रिका

आफ्रिकेत पहिल्यांदाच गेलेला प्रवासी विमानतळाबाहेर येतो तेव्हा त्याच्या नावाची पाटी घेऊन कुणीतरी उभं असतं. पुढे काय बघायचं, कुणाशी बोलायचं, फोटो कुठे विचारूनच काढायचा, हे बरंचसं तीच व्यक्ती ठरवते. प्रवासी परत येऊन आफ्रिका पाहिल्याचं सांगतो. खरं तर त्याने पाहिलेली असते ती त्याला कुणीतरी दाखवलेली आफ्रिका. यात कमीपणा काही नाही. या खंडाबद्दल बाहेरच्या जगाला जे कळलं ते शतकानुशतकं असंच कळत आलं आहे. जुन्या प्रवासवर्णनांत मात्र दाखवणाऱ्याचं नाव एखाद्या तळटीपेत असायचं, तेही असलं तर.

एक जुनं उदाहरण चौदाव्या शतकातलं आहे. मोरोक्कोचा इब्न बतूता 1352 मध्ये सिजिल्मासाहून निघाला, मिठाच्या ठोकळ्यांची घरं असलेल्या तघाझावरून सहारा ओलांडून माली साम्राज्याच्या राजधानीत पोहोचला. तिथे मन्सा (म्हणजे राजा) सुलेमानचं राज्य होतं. पाहुणचाराची भेट आली म्हणून तो उठून उभा राहिला, तर समोर तीन भाकऱ्या, तळलेल्या गोमांसाचा तुकडा आणि भोपळ्याच्या भांड्यात आंबट दही! त्याला हसूच फुटलं. राजवस्त्रं आणि पैसे येतील अशी त्याची अपेक्षा होती. पुढे वाट काढून दिली ती दूघा नावाच्या दरबारी दुभाष्याने. तू राजासमोर बोल, तुझं म्हणणं योग्य शब्दांत मी मांडतो, असं तो म्हणाला. इब्न बतूता बोलला, आणि त्याला घर मिळालं, खर्चाची सोय झाली, निघताना सोनंही मिळालं. मालीतल्या न्यायाचं आणि निर्धोक रस्त्यांचं त्याने तोंडभरून कौतुक केलं आहे. बायकांचं मोकळं वागणं मात्र त्याला शेवटपर्यंत रुचलं नाही. म्हणजे डोळे उघडे होते, पण मोजमाप घरचंच होतं. हे प्रवाशांचं जुनं दुखणं आहे.

युरोपात या खंडाच्या आतल्या भागाबद्दल ऐकीव माहितीच फार होती. नकाशे काढणारे मोकळ्या जागा हत्ती, सिंह आणि काल्पनिक राज्यांनी भरून काढत. फ्रान्सच्या द'अँव्हिलने 1749 मध्ये आफ्रिकेचा नकाशा काढला आणि पक्की माहिती नव्हती तो भाग सरळ कोरा सोडला. प्रामाणिकपणाच होता तो. पण कोऱ्या कागदाचा परिणाम वेगळाच झाला: तिथे कुणी राहतच नाही, सगळं अजून ‘शोधायचं’ आहे, असं बघणाऱ्यांना वाटू लागलं. 1788 मध्ये लंडनमध्ये आफ्रिकन असोसिएशन स्थापन झाली ती याच ओढीने. तिने पाठवलेला मंगो पार्क 1796 च्या जुलैमध्ये आजच्या मालीतल्या सेगूला नायजर नदीपाशी पोहोचला आणि ती पूर्वेकडे वाहते हे त्याने पाहिलं. तिथला राजा मन्सोंग त्याला भेटला नाही. पाच हजार कवड्या पाठवल्या आणि पुढे जायला सांगितलं. त्याआधी, आसरा मिळत नव्हता तेव्हा, एका बाईने त्याला झोपडीत नेऊन मासा भाजून खायला घातला. घरातल्या बायका सूत कातता कातता त्या बिचाऱ्या गोऱ्या माणसावर गाणं रचून गात होत्या. पार्कने ते गाणं लिहून ठेवलं, पण त्या बाईचं नाव कुठेही नाही.

एकोणिसाव्या शतकातल्या प्रवाशांत माझ्या मते सर्वांत वरचा माणूस हाइनरिख बार्थ. हा जर्मन विद्वान ब्रिटिश सरकारच्या मोहिमेबरोबर 1850 मध्ये त्रिपोलीहून निघाला. मोहिमेचा प्रमुख रिचर्डसन 1851 मध्ये वारला, दुसरा सोबती ओव्हरवेग 1852 मध्ये. बार्थ 1855 पर्यंत फिरत राहिला. अरबी त्याला येत होतीच. हौसा, कानुरी, फुलानी वगैरे भाषा त्याने वाटेत शिकून घेतल्या, त्यांचे शब्दसंग्रह केले, स्थानिक इतिहासाच्या हस्तलिखितांतून उतारे काढले. टिंबक्टूमध्ये त्याच्या जिवावर उठलेले लोक होते. त्याला वाचवलं ते शेख अहमद अल-बक्काई या तिथल्या विद्वान धर्मगुरूने, महिनोन्महिने पाठीशी उभं राहून. आफ्रिकेला स्वतःचा लिखित इतिहास आहे, हे बार्थच्या पाच खंडांत पानोपानी दिसतं. ग्रंथ खपला मात्र बेताचाच. वाचकांना सिंह आणि रानटी टोळ्या हव्या होत्या, आणि हा गृहस्थ राजांच्या वंशावळी देत बसला होता.

बार्थबरोबर डोरुगू आणि अब्बेगा असे दोन तरुण युरोपात गेले. गुलामीतून सुटलेला डोरुगू इंग्लंडमध्ये शोन नावाच्या मिशनरी भाषातज्ज्ञाकडे राहिला आणि त्याने आपली सगळी हकिकत हौसा भाषेत सांगितली. ती 1885 मध्ये छापली गेली. प्रवाशाबरोबर चाललेल्या माणसाने स्वतःच्या भाषेत सांगितलेला प्रवास त्या काळात जवळपास सापडतच नाही, म्हणून तिचं मोल मोठं.

पूर्व आफ्रिकेत याच सुमाराला एक माणूस पुढे आला. नाव सिदी मुबारक बॉम्बे. तो याओ जमातीचा. लहानपणी गुलामांच्या व्यापाऱ्यांनी त्याला पकडलं आणि झांझिबारमार्गे हिंदुस्थानात विकलं. बरीच वर्षं तिथे काढल्यावर, मालकाच्या मृत्यूनंतर सुटका होऊन, तो झांझिबारला परतला आणि सुलतानाच्या बलुची शिपायांत दाखल झाला. 1857 मध्ये रिचर्ड बर्टन आणि जॉन स्पीक नाईलच्या उगमाच्या शोधात निघाले तेव्हा तो त्यांना मिळाला. बर्टनला अरबी उत्तम येत होती. स्पीकला ना अरबी येत होती ना स्वाहिली. त्याची भिस्त लष्करात असताना शिकलेल्या हिंदुस्थानीवर. साहेब हिंदुस्थानीत प्रश्न विचारणार, बॉम्बे तो स्वाहिलीत करणार, तिसरा कुणी तो गावच्या भाषेत सांगणार, आणि उत्तर याच वाटेने उलट येणार.

1858 च्या ऑगस्टमध्ये स्पीक एका अफाट सरोवराच्या दक्षिण काठावर उभा राहिला. त्याने त्याला व्हिक्टोरिया राणीचं नाव दिलं आणि नाईलचा उगम हाच, असं ठरवून टाकलं. बर्टन या प्रवासात आजारी म्हणून मागे राहिला होता. त्याने पुढे या माहितीचीच खिल्ली उडवली: स्पीकची हिंदुस्थानी मोडकी, बॉम्बेला ती कळली नाही, त्याने तिचं भाषांतर चुकीचं केलं, तिथून पुढे आणखी चुकीचं. हा टोमणा वाचायला झकास आहे. गंमत अशी की भाषांचा पंडित बर्टन चुकला आणि मोडक्या भाषेतून चौकशी करणारा स्पीक बरोबर ठरला. 1875 मध्ये पत्रकार-प्रवासी स्टॅन्लीने सरोवराला वळसा घातल्यावर स्पीकच्या बाजूचं पारडं जड झालं. बॉम्बे नंतर स्पीक आणि त्याचा सोबती ग्रँट यांच्याबरोबर गेला, 1871 मध्ये स्टॅन्लीबरोबर लिव्हिंगस्टन या स्कॉटिश मिशनरी-प्रवाशाला शोधायला गेला, आणि 1873 ते 1875 मध्ये ब्रिटिश आरमारी अधिकारी कॅमेरनबरोबर खंड पूर्वेकडून पश्चिमेकडे आरपार चालत गेला. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्याला रौप्यपदक दिलं. साहेबांच्या वाट्याला अर्थातच सोन्याची पदकं.

मराठी वाचकाला या इतिहासात अनपेक्षितपणे नाशिक भेटतं. ब्रिटिश आरमाराने गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना मुंबईला आणत. त्यांच्यातल्या काहींना चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकजवळ शरणपूरला ठेवून लिहायला-वाचायला आणि सुतारकी-लोहारकीसारखे धंदे शिकवले. लिव्हिंगस्टन 1866 च्या शेवटच्या मोहिमेवर निघाला तेव्हा त्याने या मुलांपैकी काहींना बरोबर नेलं. त्यांच्याबद्दल त्याने तक्रारीच बऱ्याच लिहिल्या आहेत, आणि काहीजण वाटेत सोडूनही गेले. मला त्यात नवल वाटत नाही. ज्या खंडातून पकडून नेलं तिथे दुसऱ्याच्या मोहिमेचं ओझं उचलत परतायचं, ही काही सुखाची घरवापसी नव्हती. चुमा आणि सुसी हे त्याचे दोन विश्वासू सोबतीही मुंबईत राहून गेले होते. चुमा मिशनच्या शाळेत, सुसी गोदीत.

1873 च्या मे महिन्यात, आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी लिव्हिंगस्टन वारला. त्याच्या माणसांनी त्याचं हृदय झाडाखाली पुरलं, देह उन्हात वाळवला, सालीत आणि कापडात गुंडाळला आणि दीड हजार किलोमीटरहून अधिक वाट चालून समुद्रकिनाऱ्याला नेला. हृदय पुरताना प्रार्थना वाचली, झाडावर अक्षरं कोरली आणि प्रवासाची रोजनिशी ठेवली ती शरणपूरला शिकलेल्या जेकब वेनराइटने. वाटेत कॅमेरन भेटला. देह इथेच पुरा, असं तो सांगत होता. त्यांनी ऐकलं नाही. 1874 च्या एप्रिलमध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं तेव्हा शवपेटीला हात देणाऱ्यांत वेनराइट होता. चुमा आणि सुसी यांना कुणी वेळेत बोलावलंच नाही. ते मागाहून इंग्लंडला गेले आणि लिव्हिंगस्टनच्या रोजनिशीचं संपादन करणाऱ्या वॉलरला ठिकाणं, माणसं आणि प्रसंग लावून द्यायला त्यांनी मदत केली. 1875 मध्ये मोंबासाजवळ फ्रेरटाउन ही मुक्त गुलामांची वसाहत उभी राहिली, तिथेही नाशिकहून परतलेली माणसं होती.

दहा वर्षांनी चित्र पालटलं. 1884-85 च्या बर्लिन परिषदेत खंडावर हक्क सांगण्याचे नियम ठरले, आणि तिथे एकही आफ्रिकन प्रतिनिधी नव्हता. राज्यकर्त्याला वाटाड्या लागत नाही, हुकूम ऐकणारा लागतो. त्याने समजुतीचं काय होतं, हे ग्रेट झिंबाब्वेच्या दगडी भिंतींवरून कळतं. जर्मन प्रवासी कार्ल माउख 1871 मध्ये तिथे गेला होता. दाराच्या चौकटीतलं लाकूड त्याला आपल्या पेन्सिलीच्या देवदारासारखं वाटलं. देवदार म्हणजे लेबनॉन, लेबनॉन म्हणजे बायबलमधल्या सॉलोमन राजाचा काळ, म्हणून हा शेबाच्या राणीचा महाल, असा तर्क त्याने लढवला. 1905 मध्ये रँडल-मॅकायव्हरने आणि 1929 मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्पसनने उत्खनन करून हे बांधकाम आफ्रिकन लोकांचंच असल्याचं दाखवलं. आज ते शोना लोकांच्या पूर्वजांचं मानलं जातं. तरी ऱ्होडेशियाच्या (आजच्या झिंबाब्वेच्या) गोऱ्या सरकारला ते पचेना. प्रवाशांना मिळणाऱ्या मार्गदर्शक पुस्तिकांत काय छापायचं यावरही सरकारी दबाव होता. 1980 मध्ये स्वतंत्र झालेल्या देशाने याच अवशेषांचं नाव घेतलं.

तोवर युनेस्कोने आफ्रिकेचा इतिहास आफ्रिकेच्या बाजूने लिहिण्याचं काम हाती घेतलं होतं. ठराव 1964 चा, मूळ खंड आठ. जोसेफ की-झेर्बो यांनी संपादित केलेला पहिला खंड 1981 मध्ये आला. त्यात मौखिक परंपरा हे इतिहासाचं साधन म्हणून कसं वापरायचं यावर इतिहासकार यान व्हान्सिना यांचं एक प्रकरण आहे, आणि त्याला लागूनच मालीच्या आमादू हाम्पाते बा यांचं. गावोगावचे सांगणारे आठवणी कशा जपतात, कुणाकडून शिकतात, खोटं बोलायला त्यांना कोणती बंधनं आडवी येतात, ते बा यांनी त्यात मांडलं आहे.