गृहकार्यशाळेचे उष्णतानिवारण, मुंबईतील

राहत्या घरात, घराला लागून असलेल्या गाळ्यात किंवा पोटमाळ्यावर शिवणकाम, जरीकाम, सोनारकाम, सुतारकाम, मूर्तिकाम यांसारखा व्यवसाय चालतो. अशा जागेतील उन्हाळी उष्मा काम करता येईल इतपत खाली ठेवण्याच्या उपायांचा विचार या नोंदीत केला आहे. कोरड्या प्रदेशात या उपायांचा गाभा पाण्याने हवा थंड करणे हा असतो. मुंबईत मात्र ऊन छपरावरच अडवणे, हवा हलती ठेवणे आणि खोलीत निर्माण होणारी उष्णता कमी करणे यांना प्राधान्य द्यावे लागते.

मुंबई सुमारे १९° उत्तर अक्षांशावर असल्याने सूर्य वर्षातून दोनदा, मेच्या मध्यास व जुलैच्या अखेरीस, डोक्यावर येतो. जुलैत आकाश ढगाळ असते. मे महिन्यात तसे आच्छादन नसते, त्यामुळे दुपारचे ऊन भिंतींपेक्षा छपरावर अधिक पडते. मार्च ते मे या काळातील कमाल तापमान साधारण ३३° से.च्या आसपास राहते. सांताक्रूझ येथे १४ एप्रिल १९५२ रोजी ४२.२° से. तापमान नोंदले गेले. असे दिवस बहुधा जमिनीवरून येणारे पूर्वेचे वारे जोरात असतात आणि समुद्रावरील खारे वारे उशिरा सुरू होतात तेव्हा येतात. एरवी त्रास तापमानापेक्षा दमटपणाचा अधिक असतो.

वाळ्याची ताटी : उष्णतानिवारणाचा सर्वांत प्रसिद्ध देशी उपाय म्हणजे वाळ्याच्या मुळ्या भरलेली व पाण्याने भिजवलेली ताटी होय. तिच्या उगमाविषयी निश्चित विधान करणे कठीण आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फज्लने रचलेल्या आईन-इ-अकबरीत, बादशहाच्या आज्ञेने वाळा भरलेल्या बांबूच्या चौकटी करण्याची रीत रूढ झाली व त्यांवर पाणी शिंपडल्याने ऐन उन्हाळ्यात हिवाळा अवतरतो, अशा आशयाची नोंद आहे. तिच्यावरून ताटीचा शोध अकबराच्या दरबारात लागला असे म्हणता येते. पण आधीपासून असलेली रीत राजाश्रयाने पसरली, असाही अर्थ लावता येतो. वाळ्याचा, म्हणजे संस्कृतमधील उशीराचा, दाह शमवणारा लेप कालिदासाच्या शाकुंतलाच्या तिसऱ्या अंकात येतो. मात्र तो अंगाला लावण्याचा आहे, दारात टांगण्याचा नव्हे. ताटी हा शब्द दाराला लावायच्या कुडाच्या किंवा बांबूच्या झडपेसाठी मराठीत जुना असून मुक्ताबाईंच्या ताटीच्या अभंगांमुळे तो सर्वांच्या परिचयाचा आहे. वाळा आणि ताटी ही दोन्ही स्वतंत्रपणे ज्ञात होती आणि त्यांचा संयोग मोगल काळात प्रतिष्ठा पावला, हे मत अधिक संभाव्य वाटते.

मुंबईत या ताटीचा, तसेच त्याच तत्त्वावर चालणाऱ्या कूलरचा, उपयोग मर्यादित आहे. बाष्पीभवनाने हवा तिच्या आर्द्र गोलक तापमानापर्यंतच (तापमापकाच्या गोळ्याला ओले कापड गुंडाळल्यास तो दाखवतो त्या तापमानापर्यंतच) थंड होऊ शकते. हवा ४२° से. व सापेक्ष आर्द्रता २० टक्के असता (विदर्भातील मे महिन्याची दुपार अशी असते) ही मर्यादा सुमारे २४° से. येते, म्हणजे १८ अंशांचा वाव मिळतो. मुंबईत हवा ३४° से. व आर्द्रता ६० टक्के असता मर्यादा २७.५° से.च्या जवळ येते. वाव जेमतेम साडेसहा अंशांचा उरतो आणि कूलर त्याचाही काही भागच साधतो. शिवाय बंद खोलीत साचलेल्या ओलाव्याने घाम वाळत नाही, पोलादी अवजारे गंजतात आणि लाकूड फुगते.

छप्पर : हेच तत्त्व छपराच्या बाहेरच्या बाजूस मात्र उपयोगी पडते, याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. तापलेला पत्रा ६०° से.च्या पुढे जाऊ शकतो. त्यावर ओले गोणपाट अंथरल्यास पाणी दमट हवेतही वेगाने उडते आणि वाफ खोलीत न येता बाहेर जाते. मे महिन्यातील पाणीटंचाई व पत्र्याला लागणारा गंज या त्याच्या अडचणी आहेत. त्यामुळे पांढरा लेप अधिक व्यवहार्य ठरतो. नवा जस्तविलेपित पत्रा चकचकीत असल्याने ऊन परतवतो खरा, परंतु शोषलेली उष्णता किरणांच्या रूपाने बाहेर टाकण्याची त्याची क्षमता अल्प असते, म्हणून तो तापतच राहतो. चुन्याचा किंवा पांढऱ्या रंगाचा थर ऊनही परतवतो व उष्णताही लवकर सोडतो. साधा चुना पावसात धुऊन जातो. तो दरवर्षी होळीनंतर नव्याने लावावा लागतो. मंगळुरी कौलांच्या जुन्या छपरांत सांध्यांतून हवा खेळत असे. पत्र्याखाली तशी सोय करायची तर वीतभर अंतर सोडून, दोन्ही टोके उघडी ठेवून, खोटे छत बसवावे लागते. झाळकाम (धातू तापवून सांधे जोडण्याचे काम) होते तेथे त्यासाठी थर्माकोल वापरणे आगीच्या दृष्टीने धोक्याचे आहे. पावसाळ्यासाठी मेअखेरीस घातली जाणारी ताडपत्री महिनाभर आधी, पत्र्याला न चिकटवता बांबूंवर उचलून बांधली, तर तीच सावली देते.

वायुवीजन : खारे वारे मुख्यतः पश्चिम व वायव्येकडून येत असल्याने हवा त्या बाजूने खालून घ्यावी आणि एक्झॉस्ट पंखा समोरच्या भिंतीत छताजवळ बसवावा. हवा आत येण्यास वाट नसेल तर हा पंखा नुसता फिरत राहतो. पश्चिमेच्या खिडकीवर चिक (बांबूच्या काड्यांचा पडदा) लावायचा तो बाहेरून. आतील पडद्यापर्यंत पोचलेली उष्णता खोलीतच राहते. हवा त्वचेच्या तापमानाहून, म्हणजे सुमारे ३५° से.हून, अधिक तापली की पंख्याचा वारा केवळ घाम वाळवूनच गारवा देतो. त्यामुळे पिण्याचे पाणी हाताशी असणे पंख्याइतकेच आवश्यक ठरते.

पंखा प्रत्येक कामाला चालत नाही. सोनाराच्या झाळकामात ज्योत हलते व सोन्याची कीस उडते. शाडूची मूर्ती वा कुंभाराचे ओले भांडे वाऱ्याने एका अंगाने वाळून तडकते. अशा ठिकाणी कामाची वेळ पहाटेकडे सरकवणे हाच मुख्य उपाय होय.

अंतर्गत उष्णता : बंद खोलीत वापरलेली जवळजवळ सर्व वीज अखेर उष्णतेत बदलते. शिलाई यंत्राची जुनी क्लच मोटर टाका चालू नसतानाही फिरत राहते, सर्व्हो मोटर थांबते. चार यंत्रांच्या खोलीत हा फरक जाणवतो. इस्त्रीचे टेबल दाराबाहेरच्या सज्जात हलवणे त्याहून सोपे आहे, शेजाऱ्यांची संमती असल्यास.

वातानुकूलन : एक टनाचे यंत्र ताशी सुमारे १२,००० ब्रिटिश उष्णता एकके, म्हणजे साडेतीन किलोवॅट उष्णता खोलीतून काढून घेते. लाकडाच्या भुशाने त्याची जाळी लवकर तुंबते. थिनर, पॉलिश किंवा झाळीचा धूर असलेल्या खोलीत ते दारे लावून चालवू नये.