सुट्या भागांचे साठा-व्यवस्थापन

वाहने, यंत्रे व उपकरणे यांचे सुटे भाग गोदामात किती ठेवावेत, विक्रेत्याकडे किती असावेत आणि ते कधी मागवावेत, हे ठरवण्याची पद्धत. किराणा मालाचे ठोकताळे इथे चालत नाहीत, कारण मागणी बिघाडावर अवलंबून असते. ऑइल फिल्टर रोज खपतो. गिअरबॉक्सचा एखादा गिअर वर्षातून एकदाच विकला जातो, पण तो मिळाला नाही तर गाडी गॅरेजात अडकून पडते.

ऑर्डर देण्याचा खर्च आणि माल सांभाळण्याचा खर्च यांचा मेळ घालणारे सूत्र फोर्ड हॅरिस यांनी १९१३ मध्ये मांडले. ते एकसारखी मागणी गृहीत धरते, म्हणून फिल्टरला लागू पडते, गिअरला नाही. तुरळक मागणीसाठी जॉन क्रॉस्टन यांनी १९७२ मध्ये मागणीचा आकार आणि दोन मागण्यांमधले अंतर यांचा अंदाज वेगवेगळा काढण्याची रीत सुचवली. अमेरिकी हवाई दलासाठी क्रेग शेरब्रुक यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रतिमानात मध्यवर्ती भांडार आणि तळांवरचा साठा यांचा एकत्र विचार झाला.

व्यवहारात मात्र घोटाळा बहुधा गणितापाशी होत नाही. महिनाअखेरीचे टार्गेट गाठायला कंपनी स्कीम काढते, दुकानदार कित्येक महिन्यांचा माल एकदम उचलतो, आणि गोदामाला वाटते खप वाढला. पुढे काही महिने ऑर्डरच येत नाही. टंचाई असली की उलटे घडते: कपात होणार हे माहीत असलेला दुकानदार दहा नगांची गरज असताना चाळीस मागवतो. मूळ खपातले छोटे चढउतार असे वरच्या टप्प्यांवर फुगत जातात. त्याची कारणे हाऊ ली, पद्मनाभन आणि व्हांग यांनी १९९७ मध्ये सविस्तर मांडली. म्हणून गोदामापर्यंत नुसती ऑर्डर पोचून भागत नाही. काउंटरवर प्रत्यक्ष काय विकले गेले तेही कळावे लागते. थोडा माल पण वारंवार मागवणे आणि एकगठ्ठा खरेदीवरची सूट कमी करणे, हे उपाय महागड्या सॉफ्टवेअरच्या आधी करण्याजोगे आहेत.

जनरल मोटर्सच्या सॅटर्न या मोटारकंपनीने (पहिली गाडी १९९०, बंद २०१०) याचा चांगला नमुना घालून दिला. विक्रेत्यांचे संगणक कंपनीशी जोडलेले असत आणि काय मागवावे हे कंपनीच सुचवी. माल पडून राहण्याची जोखीम दोघांत वाटलेली असे. जवळपासचे विक्रेते एकमेकांना भाग पुरवीत. असा साठा एकत्र धरण्याचा फायदा मोठा: सारखी पण परस्परांवर अवलंबून नसलेली मागणी असलेल्या चार दुकानांनी वेगवेगळा राखीव साठा ठेवला, तर तो एकत्र ठेवलेल्या साठ्याच्या साधारण दुप्पट लागतो. जोखीम मात्र सगळी दुकानदाराच्याच माथी मारली, तर तो कंपनीची सूचना कशाला ऐकेल?

खप आणि किंमत यांनुसार भागांची वर्गवारी करतात. जलद खपणारे भाग विक्रेत्याकडे, महाग व क्वचित लागणारे मध्यवर्ती गोदामात, अशी सर्वसाधारण विभागणी असते. पार्ट नंबर बदलला की जुना आणि नवा नंबर संगणकात जोडून घ्यावा लागतो. नाहीतर जुन्या नंबरचा माल कपाटात पडून असताना तोच भाग नव्या नंबराने पुन्हा मागवला जातो. मॉडेलचे उत्पादन थांबल्यावर पुरवठादाराकडून शेवटची मोठी खरेदी करून पुढच्या दुरुस्त्यांची तरतूद करतात. त्या खरेदीचा आकडा बराचसा अंदाजानेच ठरतो.