नर की मादी? लेपर्ड गेकोच्या अंड्यात पारा ठरवतो

"अंडी उबवायले मशीन कायले पायजे? आपल्या मे महिन्याच्या उन्हात अंडी अशीच फुटतील!" लेपर्ड गेको ही ठिपक्यांची पाल पाळणाऱ्या नागपूरकरांकडून हे इतक्यांदा ऐकलंय, की त्यावर लिहिणं भाग आहे. मेमध्ये आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो आणि कूलर नसेल तर गच्चीखालची खोली चाळिशी सहज गाठते. या अंड्यांचं ३५ अंशांच्या पुढे काही खरं नसतं.

मादी एका वेळी बहुधा दोन अंडी ओलसर मातीत पुरते. घरच्या भिंतीवरच्या पालीची अंडी टणक असतात. ही मात्र चामड्यासारखी मऊ लागतात आणि ओलावा पिऊन फुगतात. उचलण्याआधी वरच्या बाजूला पेन्सिलीने हलकी खूण करावी आणि उबवणीच्या डब्यात तीच बाजू वर ठेवावी. अंडं उलटलं तर गर्भ दगावू शकतो.

आता खरी गंमत. आपल्यात मूल मुलगा की मुलगी, हे वडिलांच्या शुक्राणूतल्या गुणसूत्रावरून गर्भधारणेच्या क्षणीच ठरतं. म्हणून मुलगा होण्यासाठी सुनेला पुड्या आणि काढे देणारे निव्वळ फसवणूक करतात. लेपर्ड गेकोत अशी गुणसूत्रांची जोडीच नाही. अंडं २६ अंशांवर उबवलं तर जवळपास सगळ्या माद्या. ३२.५ वर बहुतेक नर. आणि ३४ वर पुन्हा माद्याच! या गरम माद्या २६ अंशांवरच्या माद्यांपेक्षा जास्त आक्रमक असतात. सरड्यांमधला तापमानाचा हा प्रभाव १९६६ मध्ये मादलेन शार्निए या संशोधिकेने सेनेगलमधल्या एका सरड्यावर प्रथम नोंदवला. आपल्या मगरीतही लिंग असंच ठरतं, आणि कोकणच्या किनाऱ्यावरच्या ऑलिव्ह रिडले कासवांतही.

हे घडतं कसं? गर्भातली जननग्रंथी सुरुवातीला दोन्ही वाटांना मोकळी असते. उबवणीच्या मधल्या टप्प्यातलं तापमान तिला वाट दाखवतं. अॅरोमाटेज नावाचं विकर (एन्झाइम) पुरुषी संप्रेरकाचं इस्ट्रोजेन हे स्त्री संप्रेरक करतं. ते भरपूर झालं की ग्रंथीचं अंडाशय होतं. पण विकराला तापमान कळवतं कोण? दुकानांत मिळणाऱ्या लाल कानाच्या कासवात २०१८ मध्ये यातला एक दुवा सापडला. जनुकांचा धागा हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो आणि त्यांवरच्या मिथाइल नावाच्या रासायनिक खुणा काही जनुकं बंद ठेवतात. गार अंड्यात केडीएम६बी हे जनुक जोरात चालतं. त्याचं विकर डीएमआरटी१ या जनुकाजवळच्या खुणा पुसतं, मग डीएमआरटी१ जागं होतं आणि वृषण घडू लागतं. कासवात गारव्याने नर होतात, गेकोत मधल्या उबेने. म्हणजे संकेत तोच, पण त्याचं उत्तर जातीगणिक वेगळं.

म्हणून नागपुरात उबवणीचा डबा तापवण्याइतकीच तो थंड ठेवण्याची सोय लागते. तापमान कायम राखणाऱ्या थर्मोस्टॅटचा सेन्सर भिंतीवर नको, अंड्यांशेजारी हवा. लाइट गेल्यावर काय, याचाही विचार आधीच करून ठेवावा. २६ अंशांवर पिल्लू यायला दोन महिन्यांहून जास्त लागतात, ३२ च्या आसपास साधारण दीड.

सातपुड्यात लेपर्ड गेकोची स्वतःची जात आहे, २०१४ मध्ये तिचं वर्णन झालं. रानातला असा प्राणी धरून आणणं गुन्हा आहे, हे पाळणाऱ्यांनी पक्कं लक्षात ठेवावं.

पिल्लू नर की मादी, हे जन्मल्याबरोबर दिसत नाही. काही महिन्यांनी पोटाखाली, मागच्या पायांच्या मध्ये भिंगातून पाहावं: नराला छिद्रांची व्ही आकाराची ठळक रांग असते, मादीला ती अगदी पुसट.