जे पथ्य, तोच उतारा: इंजेक्शनच्या दोन स्ट्रेस टेस्ट

गुडघे गेलेत, ट्रेडमिलवर चालणं जमणार नाही, पण छातीत भरून येतं त्याचा छडा तर लावायचाय. अशा वेळी डॉक्टर म्हणतात, "इंजेक्शन देऊन स्ट्रेस टेस्ट करू." घरी आल्यावर शेजारच्या काकांना विचारलं जातं, कारण त्यांची मागच्या वर्षी झालेली असते. काका सांगतात, "काही नाही हो, आदल्या दिवसापासून चहा बंद, बाकी गोळ्या नेहमीसारख्या." काका खरंच सांगतात, पण त्यांच्या टेस्टबद्दल. तुमची चिठ्ठी दुसऱ्याच टेस्टची असेल तर त्यांचं पथ्य तुमच्या उपयोगाचं नाही.

आपल्याकडे या नावाखाली मुख्यतः दोन तपासण्या होतात. एक डोब्युटामाइन स्ट्रेस एको, म्हणजे डोब्युटामाइन हे औषध देऊन केलेली हृदयाची सोनोग्राफी, चिठ्ठीवर बहुधा डीएसई. दुसरी स्ट्रेस थॅलियम. हल्ली बहुतेक ठिकाणी त्यात थॅलियम या किरणोत्सर्गी द्रव्याऐवजी टेक्नेशियम वापरतात, पण लोक थॅलियमच म्हणतात. तिच्यात औषध असतं ॲडिनोसिन किंवा रेगाडेनोसॉन, क्वचित डायपिरिडामोल. शोध दोन्हींचा एकच: हृदयाच्या धमनीत अडथळा आहे का, आणि ताण आला की त्याचा परिणाम दिसतो का. वाटा मात्र अगदी वेगळ्या.

डोब्युटामाइन हृदयाला पळवतं. तुम्ही डाव्या कुशीवर पडलेले, अंगावर ईसीजीचे स्टिकर, दंडाला बीपीचा पट्टा, हातात सलाइनची सुई. पंपातून औषध दर तीन मिनिटांनी वाढवत नेतात: वजनाच्या दर किलोमागे मिनिटाला 5 मायक्रोग्रॅमपासून 40 पर्यंत. टेक्निशियन किंवा डॉक्टर बरगड्यांच्या मधून प्रोब दाबून हृदयाची हालचाल टिपत राहतात; "श्वास सोडा, धरा, आता घ्या" हे पुन्हा पुन्हा ऐकावं लागतं. गाठायचा आकडा साधारण 220 वजा वय, आणि त्याचे 85 टक्के. म्हणजे 65 वर्षांच्या माणसाला पडल्या जागी 132 ठोके. जिना चढलेलो नाही आणि छातीत मात्र धडधड, हा अनुभव विचित्र वाटतो. हात थरथरतात, मळमळतं, डोकं दुखतं. यातलं बरंचसं औषधाचंच काम असतं. तरीही छातीत दाब आला तर सहन करत गप्प पडू नका, लगेच सांगा.

ठोके आकड्यापर्यंत गेले नाहीत तर ॲट्रोपिन देतात. त्याने तोंड कोरडं पडतं आणि काही तास नजर धूसर राहू शकते, म्हणून परत जाताना गाडी दुसऱ्या कुणी चालवावी. काचबिंदू असेल किंवा प्रोस्टेटमुळे लघवी अडकत असेल तर आधीच सांगून ठेवायचं. बऱ्याच पुरुषांना हे लाजेचं वाटतं आणि मग संध्याकाळी लघवी तुंबली की धावपळ होते.

ॲडिनोसिनचं काम निराळं. ते हृदयाला फारसं पळवत नाही, धमन्या सैल करतं. कालव्याला पाणी सोडलं की साफ चाऱ्या भरून वाहतात आणि गाळाने भरलेल्या चारीत पाणी जेमतेम येतं, तसा प्रकार. निरोगी धमनीतला प्रवाह तीन-चार पट होतो, अरुंद धमनीतला तितका वाढत नाही. त्याच क्षणी शिरेतून किरणोत्सर्गी द्रव्य सोडतात. ते रक्ताबरोबर स्नायूत जाऊन बसतं आणि नंतर गॅमा कॅमेऱ्यात कुठे कमी पोचलं ते दिसतं. ॲडिनोसिन चार ते सहा मिनिटं चालतं. रेगाडेनोसॉन तर एकच इंजेक्शन, दहा-एक सेकंदांत दिलेलं. तोंड लाल होतं, अंगातून गरम लाट जाते, दम लागल्यासारखं होतं, छाती-जबड्यात आवळतं. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: हे आवळणं धमन्या अगदी स्वच्छ असलेल्यांनाही होतं. दुखलं म्हणजे ब्लॉक निघालाच असं नाही.

आता पथ्य. डोब्युटामाइनच्या आधी बहुधा बीटा ब्लॉकर, म्हणजे मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल, बिसोप्रोलॉल यांसारख्या गोळ्या, 24 ते 48 तास थांबवायला सांगतात. या गोळ्या हृदयाला आवर घालतात, त्यामुळे ठोके वर जातच नाहीत आणि टेस्ट अपुरी राहते. पण मनाने बंद करू नका. कधीकधी चालू औषधांवर हृदय कसं टिकतं हेच बघायचं असतं, तेव्हा डॉक्टर मुद्दाम चालू ठेवतात.

ॲडिनोसिनच्या आधी बंद करायचं ते कॅफीन. किमान 12 तास, बऱ्याच ठिकाणी 24 तास. ॲडिनोसिन पेशीवर ज्या जागी जाऊन बसतं, ती जागा कॅफीन आधीच अडवून बसतं. मग धमन्या पुरत्या सैल होत नाहीत आणि असलेला ब्लॉकही रिपोर्टात लपू शकतो. काउंटरवर हा संवाद रोज होतो. "काल चहा घेतला होता का, मावशी?" "नाही ओ सिस्टर, चहा नाही. पहाटे फक्त दोन घोट, गोळी घ्यायला." ते दोन घोट म्हणजे चहाच, आणि कधीकधी तेवढ्यावर टेस्ट पुढे ढकलतात. कॉफी, ग्रीन टी, कोला, चॉकलेट आणि डोकेदुखीच्या काही गोळ्याही यातच मोडतात. दम्यासाठी डेरिफायलिन किंवा थिओफिलिन चालू असेल, अर्धांगवायूनंतर डायपिरिडामोल चालू असेल, तर नावासकट सांगा.

मला यातली सगळ्यात मजेची गोष्ट वाटते ती ही: ज्याला आधी मनाई, तोच नंतरचा उतारा. डोब्युटामाइनचा त्रास वाढला तर आधी पंप बंद करतात. त्याचा असर दोनेक मिनिटांत निम्म्यावर येतो. तेवढ्याने भागलं नाही तर शिरेतून बीटा ब्लॉकर देतात. ॲडिनोसिन तर काही सेकंदांत विरतं. रेगाडेनोसॉन जरा रेंगाळतं, तेव्हा ॲमिनोफिलिन देतात, ते थिओफिलिनच्याच कुळातलं. आणि कॅमेऱ्याचं काम उरकल्यावर डोकं ठणकत असेल तर काही ठिकाणी तोच कालपासून तोडलेला चहा हातात ठेवतात.

कोणती टेस्ट कुणाला, हे डॉक्टर ठरवतात, पण कारणं समजण्यासारखी आहेत. दमा उफाळलेला असेल, छातीत घरघर असेल तर ॲडिनोसिन टाळतात. वरच्या दर्जाचा हार्ट ब्लॉक (धमनीतला नव्हे, हृदयातले विजेचे संदेश अडणं) असून पेसमेकर नसेल तरीही टाळतात. उलट ठोके बेतालपणे धावत असतील किंवा बीपी हाताबाहेर असेल तर डोब्युटामाइन नको. ईसीजीत लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या विजेच्या वाटेत अडथळा, असेल तर बहुधा ॲडिनोसिनचा गट पसंत करतात. फुफ्फुसं फुगलेली किंवा शरीर स्थूल असेल तर एकोत चित्र नीट दिसत नाही. शिवाय एकोची सोय तालुक्याच्या गावातही मिळू शकते. गॅमा कॅमेऱ्यासाठी मोठं शहर गाठावं लागतं.

वेळेचा अंदाज: एको साधारण तासाभरात आटोपतो. थॅलियमला तीन-चार तास, कधी दोन दिवस, कारण विश्रांतीतली आणि ताणातली अशी दोन चित्रं घ्यायची असतात. कॅमेऱ्याखाली हात डोक्यावर धरून दहा-वीस मिनिटं निपचित पडायचं. खांदा आखडला असेल तर हेच सगळ्यात जड जातं. आधी सांगितलं तर उशा लावून देतात. दोन्ही टेस्टला काही तास उपाशी जावं लागतं, तेव्हा मधुमेह असलेल्यांनी सकाळच्या इन्सुलिनचं नक्की काय करायचं ते आदल्या दिवशीच विचारून ठेवावं.

एकोत किरणोत्सर्ग नाही. टेक्नेशियमच्या दोन्ही चित्रांत मिळून तो साधारण 10 मिलिसिव्हर्टच्या आसपास, थॅलियम वापरलं तर जास्त. टेक्नेशियम 6 तासांत निम्मं होतं, थॅलियमला सुमारे 73 तास लागतात. त्या दिवसांत विमानप्रवास असेल तर विभागाकडून पत्र घ्या, काही विमानतळांवर यंत्र वाजू शकतं. गरोदर असाल किंवा बाळाला पाजत असाल तर तारीख घेतानाच सांगा. मूत्रपिंड कमजोर होऊन क्रिएटिनिन वाढलेल्यांची धास्ती मात्र इथे फुकटची आहे: अँजिओग्राफीतला आयोडीनचा डाय दोन्हींत नसतो.

रिपोर्टमध्ये एको सांगतो की ताणात हृदयाच्या भिंतीचा कुठला भाग मंदावला. थॅलियम सांगतं की कुठे रक्त कमी पोचलं. विश्रांतीत ठीक आणि ताणात बिघाड, म्हणजे रक्तपुरवठा अपुरा पडतोय. दोन्ही वेळा सारखाच बिघाड, म्हणजे बहुधा जुन्या झटक्याची खूण. ब्लॉक किती टक्के, हे दोन्हींतून कळत नाही. थॅलियमची एक खास अडचण म्हणजे ते भागाभागांची आपसात तुलना करतं. हृदयाच्या तिन्ही मुख्य धमन्या सारख्याच गाळाने भरल्या असतील तर चित्र समतोल, म्हणून नॉर्मल दिसू शकतं. अशा वेळी लक्षणं बोलकी असतील तर रिपोर्ट चांगला असूनही डॉक्टर अँजिओग्राफी सुचवतात, आणि ती सूचना धंद्यासाठी आहे असं धरून चालू नये.