387 हलत नाही: घातांच्या उतरंडीची पार्श्वभूमी

राजारामपुरीतल्या अभ्यासिकेत कुठल्याही पोराला विचारा, 3 च्या 27 व्या घाताचा एकक स्थानचा अंक किती? 3, 9, 7, 1 हे चक्र बोटांवर मोजून तो 7 सांगेल आणि पुढच्या प्रश्नाकडं वळेल. पण घातांकालाच पुन्हा घात चढवत गेलं तर?

ही कुंभाराकडची उतरंडच. ती वरून उतरवतात, हिशेबही वरूनच करायचा. तीन 3 ची उतरंड म्हणजे 3 चा 27 वा घात, 7625597484987. खालून सुरुवात केली तर 19683 येतात आणि मार्क जातात. चौथा 3 ठेवला की उत्तर वहीत मावत नाही, तरी त्याचा शेवट 387 हा पेन्सिलीनं काढता येतो. वर आणखी कितीही 3 रचा, 387 तसाच राहतो.

याचं मूळ फ्रेंच गणिती फर्माच्या 1640 च्या पत्रात आहे: मूळ संख्येनं भागलं की घातांच्या बाक्या चक्रानं परत येतात, हा नियम. 1763 मध्ये ऑयलरनं तो नियम व्यापक केला. 3 च्या घाताचे शेवटचे तीन अंक हवेत, तर घातांकाला 100 नं भागून येणारी बाकी पुरते. तिच्यासाठी वरच्या घातांकाची 20 नं येणारी बाकी, मग 4 नं, मग 2 नं. 3 चा घात कायम विषमच, म्हणून इथं प्रश्नच मिटतो. त्याच्या वर काय रचलंय याला काही किंमत उरत नाही.

1977 मध्ये गणितावर लिहिणारे मार्टिन गार्डनर यांनी गणिती ग्रॅहम यांची अवाढव्य संख्या लोकांपुढं आणली. तीही 3 चीच उतरंड. तिचा पहिला अंक कुणालाच ठाऊक नाही, शेवट मात्र 2464195387. आपला 387 तिथंही आहेच!

असे अंक उजवीकडून वाचले की पूर्णांकांची क्रमिका होते: 7, 8, 3, 5, 9... क्रमिका जमवायचा छंद गणिती नील स्लोन यांना 1964 मध्ये, विद्यार्थिदशेत लागला. 1973 च्या पुस्तकात 2372 क्रमिका होत्या. 1996 पासून तो संग्रह इंटरनेटवर आहे. चार अंकी संख्येचे अंक उतरते आणि चढते मांडून वजाबाकी करत गेलं की शेवटी येणाऱ्या, आपल्या देवळालीच्या कापरेकर मास्तरांच्या 6174 ला तिथं परकं वाटणार नाही.

अलीकडं मार्को रिपा यांनी अंक पक्के होण्याचा वेग अभ्यासला. 10 च्या पटीतले पाये (उतरंडीत रचलेली संख्या) सोडले, तर ठरावीक उंचीनंतर वेग बदलत नाही. 3 ला प्रत्येक थराला एक अंक मिळतो, 7 ला दोन: दोन 7 ना 823543, म्हणजे 43 पक्के, तिसऱ्या 7 ला 2343.