कॅडमधली बीओएम आणि स्टोअरमधला साठा : लहान कारखान्यांच्या ईआरपीची पार्श्वभूमी

पुण्याजवळच्या भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यातले लहान कारखानदार ईआरपी, म्हणजे साठा, खरेदी, उत्पादन आणि हिशोब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, घ्यायला निघतात तेव्हा एक अट हमखास असते : ते कॅडशी, म्हणजे ड्रॉइंग काढायच्या सॉफ्टवेअरशी, जोडलेलं हवं. डिझाइन पक्कं झालं की त्यातली बीओएम, म्हणजे लागणाऱ्या भागांची आणि नगांची यादी, स्टोअरला दिसावी, शिलकीतलं मटेरियल वजा व्हावं, उरलेलं परचेसकडे जावं, आणि हे सगळं खिशाला झेपेल अशा किमतीत व्हावं. मागणी रास्त आहे. ती सहजासहजी पुरी का होत नाही हे समजायचं असेल तर या दोन प्रकारच्या सॉफ्टवेअरांची वाढ आणि इथली जॉबवर्कची, म्हणजे एकेक प्रक्रिया बाहेरून करून घेण्याची पद्धत, दोन्ही पाहावी लागतात.

मटेरियलची गरज संगणकावर काढण्याची एमआरपी पद्धत १९६०च्या दशकात परदेशातल्या मोठ्या कारखान्यांत रुजली. पुढे तिच्यात मशीन आणि मनुष्यबळाचं नियोजन आलं आणि १९९०च्या सुमारास ईआरपी हे नाव मिळालं. कॅडची वाट वेगळी होती. १९८२ साली ऑटोकॅड आलं आणि ड्राफ्टिंग साध्या पीसीवर उतरलं. १९९५ साली सॉलिडवर्क्सने विंडोजवर थ्रीडी मॉडेलिंग आटोक्यात आणलं. एक घराणं हिशोबातून वाढलं, दुसरं ड्रॉइंग बोर्डावरून. सुट्या भागाला नंबर देण्याची आणि तो मोजण्याची रीत दोघांनी आपापली ठेवली.

पुण्यातल्या लहान कारखान्यांना यातलं फारसं काही १९९०च्या दशकापर्यंत शिवलं नव्हतं. ड्रॉइंग ग्राहकाकडून अमोनिया प्रिंटवर यायचं, स्टोअरमध्ये बिन कार्ड (खणाला लावलेलं आवक-जावकेचं कार्ड) असायचं, आणि एक्साइजच्या (उत्पादन शुल्काच्या) रजिस्टरांसाठी एक वेगळा माणूस लागायचा. संगणक आला तोही मुख्यतः चलनासाठी, म्हणजे मालासोबत जाणाऱ्या कागदासाठी. माल टर्निंगला एकीकडे, हीट ट्रीटमेंटला दुसरीकडे आणि प्लेटिंगला तिसरीकडे जाणं ही इथल्या उद्योगाची मूळ रचना आहे, आणि बाहेर गेलेल्या प्रत्येक नगाचा हिशोब एक्साइजच्या ५७ एफ (४) या नियमाच्या चलनावर ठेवावा लागे. नंतर सेनव्हॅटच्या, म्हणजे कच्च्या मालावर भरलेल्या एक्साइजच्या वजावटीच्या, नियमांत माल परत येण्याची १८० दिवसांची मुदत आली. ही चलनं सांभाळण्यासाठी स्थानिक प्रोग्रामरांनी फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेले प्रोग्राम कित्येक ठिकाणी वर्षानुवर्षं चालले. ते कारखान्याच्या कामाला चपखल बसलेले होते, हे आज फारसं कोणी बोलून दाखवत नाही. त्यांच्या जोडीला हिशोबासाठी टॅली आलं. अशा रीतीने ड्रॉइंग एका संगणकावर, स्टोअर दुसऱ्यावर आणि खातं तिसऱ्यावर अशी विभागणी पक्की झाली. ती कोणी ठरवून केली नव्हती.

ही विभागणी पहिल्यांदा टोचली ती मोटार उद्योगाच्या गुणवत्ता-मानकांमुळे. १९९४चं क्यूएस ९००० आणि १९९९चं टीएस १६९४९ पुरवठादारांपर्यंत पोहोचलं आणि ऑडिटर थेट मशीनजवळ जाऊन ड्रॉइंगचा रिव्हिजन नंबर, म्हणजे ते कितव्या सुधारणेचं आहे, हे तपासू लागला. कॅडमध्ये रिव्हिजन सी, मशीनवर बी, आणि स्टोअरच्या नोंदीत रिव्हिजनचा रकानाच नाही, असं निघू लागलं.

इथून पुढे जो वाद सुरू झाला तो अजून मिटलेला नाही : बीओएम कोणाची? डिझाइनची की उत्पादनाची?

डिझाइनवाल्याचं म्हणणं असं की असेंब्ली त्याने बांधली, कोणता भाग किती नग लागतो हे मॉडेलमध्येच आहे, तेव्हा तीच यादी अंतिम. एका शाफ्टपुरतं हे तपासून पाहू. ५० मिलिमीटर व्यासाच्या बारमधून २०० मिलिमीटर लांबीचा, पायऱ्या असलेला शाफ्ट करायचा आहे. कॅड त्याचं तयार वजन देतं, समजा २.४ किलो. शॉपमध्ये दोन्ही टोकं सपाट करायला, म्हणजे फेसिंगसाठी, ५ मिलिमीटर धरून तुकडा २०५चा कापतात, आणि ब्लेड ३ मिलिमीटर खातं. म्हणजे प्रत्येक नगाला २०८ मिलिमीटर. ३ मीटरच्या बारमधून १४ तुकडे निघतात आणि ८८ मिलिमीटरचा शेंडा उरतो. व्यासाचा वर्ग भागिले १६२ हे सूत्र लावलं तर मीटरला १५.४ किलो, अख्खा बार ४६.३ किलो आणि नगाला जवळपास ३.३ किलो. ५०० शाफ्टच्या ऑर्डरला कॅडच्या आकड्याने १२०० किलो स्टील लागेल. प्रत्यक्षात ३६ बार आणावे लागतात, म्हणजे १६६७ किलो. थेट जोडणी करून कॅडचं वजन परचेसला पाठवणाऱ्याचं मटेरियल काम पुरं होण्याआधीच संपणार.

उत्पादनवाल्याचं म्हणणं म्हणून खरं ठरतं का? अर्धंच. कटिंग, बारची लांबी, प्लेटिंगचं जॉबवर्क, पॅकिंगचा खोका, असेंब्लीत लागणारं ग्रीस, यातलं काहीच डिझाइनर मॉडेलमध्ये टाकत नाही. त्याने टाकूही नये, कारण ते त्याच्या हातात नसतं. पण याच कारणाने ईआरपीमध्ये संपूर्ण बीओएम नव्याने टाइप करायची पद्धत पडली, आणि सगळ्यात जास्त नुकसान तिनेच केलं आहे. डिझाइनमध्ये एम८चा बोल्ट एम१० होतो, ईआरपीत एम८ तसाच राहतो, परचेस तोच मागवत राहतं, आणि चूक असेंब्लीच्या टेबलावर उघडकीला येते.

लहान कारखान्याला पेलणारा तोडगा मधला आहे, आणि तो मुद्दाम सांगायला हवा, कारण विक्रेते तो सांगत नाहीत. कोणते भाग आणि किती नग, हे कॅडने ठरवावं आणि तिथून ते एकाच दिशेने ईआरपीत जावं. प्रत्येक भागाखाली कोणतं कच्चं मटेरियल, किती लांबीचं, कोणत्या जॉबवर्कमधून जाणारं, हे ईआरपीत भरावं, आणि ते उत्पादनाची पद्धत बसवणाऱ्या माणसाच्या ताब्यात असावं. ड्रॉइंग मंजूर होईपर्यंत कॅडमधून काही पाठवू नये. दोन्ही बाजूंनी आपोआप बदल करणारी महागडी जोडणी पंचवीस माणसांच्या कारखान्यात घेतली, तर रात्रीत कोणी कोणाचा आकडा बदलला हे शोधण्यातच सकाळ जाते.

आयटम कोडचा, म्हणजे प्रत्येक भागाला दिलेल्या नंबरचा, प्रश्न याच वादाचं शेपूट. कोडमध्येच मटेरियल, आकार, ग्राहक सगळं कोंबायची जुनी सवय आहे. मटेरियल बदललं की कोड खोटा पडतो आणि नवा केला की जुना साठा वेगळा दिसतो. साधा अनुक्रमांक आणि बाकी माहितीला वेगळे रकाने, ही पद्धत कॅड आणि ईआरपी दोन्हीकडे सारखी चालते.

२०१६पासूनची वर्षं सॉफ्टवेअर निवडीचं सगळं गणितच बदलून गेली. २०१६मध्ये ऑटोकॅडसारख्या उत्पादनांचे कायमचे नवे परवाने मिळणं बंद झालं आणि कॅडचा खर्च दरवर्षीचा झाला. १ जुलै २०१७ला जीएसटी आला. जॉबवर्कला पाठवलेला माल १ वर्षात परत यायला हवा, नाहीतर पाठवल्या दिवशीच तो विकला असं धरलं जातं. साचे, जिग, फिक्स्चर आणि टूल यांना ही मुदत नाही. जॉबवर्कच्या नोंदींसाठी आयटीसी-०४ हे विवरणपत्र आलं. ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, सक्तीचं होण्याची मर्यादा २०२०मध्ये ५०० कोटींच्या उलाढालीपासून सुरू होऊन १ ऑगस्ट २०२३ला ५ कोटींपर्यंत खाली आली. १ एप्रिल २०२३पासून कंपन्यांच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणं सक्तीचं झालं. फॉक्सप्रोचे उरलेसुरले प्रोग्राम इथे थकले.

परिणाम असा की सॉफ्टवेअर निवडायला बसतात ते अकाउंटंट आणि सीए. जीएसटीची अट पुरी होते, स्टोअरची थोडीफार होते, आणि ड्रॉइंग ऑफिसला विचारलं जातं ते पैसे भरून झाल्यावर.

परवडणाऱ्या पर्यायांत टॅलीमध्ये बीओएम आणि जॉबवर्कची सोय आहे, पण ड्रॉइंगच्या रिव्हिजनचा माग ठेवणं हे त्याचं काम नाही. ओडू या ईआरपीमध्ये उत्पादन आणि साठा मोफत आवृत्तीत मिळतो, मात्र डिझाइनमधले बदल हाताळणारा पीएलएमचा भाग पैसे भरून घ्यावा लागतो. कॅडशी जोडणी हवी असणाऱ्याला नेमका तोच लागतो, आणि हे दोन आवृत्त्यांमधल्या फरकाच्या तक्त्यात खाली कुठेतरी असतं. मुंबईत जन्मलेलं मुक्त स्रोताचं ईआरपीनेक्स्ट प्रत्येक वापरणाऱ्यामागे परवान्याचे पैसे मागत नाही. त्यात एकदा सादर केलेली बीओएम बदलता येत नाही, नवी करावी लागते, आणि जुनीच्या जागी ती सगळ्या असेंब्लींत बसवण्याचं साधन आहे. सुरुवातीला हा जाच वाटतो, पण रिव्हिजनची शिस्त यातूनच लागते. सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाचा खर्च मात्र धरायलाच हवा.

‘इंटिग्रेटेड’ म्हणून विकलं जाणारं पुष्कळदा एवढंच असतं : कॅडने यादी एक्सेलमध्ये काढायची आणि ईआरपीने ती आत घ्यायची. वर सांगितलेल्या एकमार्गी पद्धतीला ते पुरतंही, पण त्यासाठी प्रत्येक पार्ट फाइलमध्ये आयटम कोड, मटेरियल आणि रिव्हिजन हे रकाने भरलेले हवेत. डेमो मागताना विक्रेत्याची नमुना असेंब्ली पाहू नये. आपलीच एक असेंब्ली द्यावी, तिच्यातला एक बोल्ट बदलावा आणि तो बदल परचेसपर्यंत कसा जातो ते समोर बसून पाहावं.

कॅडच्या बाजूलाही दारं उघडत आहेत. नोव्हेंबर २०२४मध्ये फ्रीकॅडची १.० आवृत्ती आली आणि मोफत कॅडमध्ये असेंब्ली अंगभूत मिळू लागली. ऑटोकॅडच्या स्वस्त भावंडात, ऑटोकॅड एलटीमध्ये, २०२४च्या आवृत्तीपासून लिस्प भाषेतले प्रोग्राम चालतात, त्यामुळे ड्रॉइंगमधले ब्लॉक (पुन्हा पुन्हा वापरायच्या तयार आकृत्या) वाचून भागांची यादी काढता येते. टूडी ड्रॉइंगवर चालणाऱ्या टूलरूमना याचा खरा उपयोग आहे. जिथे पार्ट लिस्ट नुसत्या रेघा आणि अक्षरांनी काढलेली आहे, तिथे मात्र ती एकदा हातानेच भरावी लागणार, आणि त्या कामाचे दिवस कोणत्याच कोटेशनमध्ये धरलेले नसतात.